साठवणीचा गहू आणि टोके : कोणता गहू टिकतो, याचा इतिहास



अक्षय तृतीया जवळ आली की आपल्याकडे वर्षाचा गहू भरायची घाई सुरू होते. नवा गहू बाजारात आलेला असतो, उन्हं कडक असतात, आणि पावसाच्या आत तो वाळवून, निवडून कोठीत गेला पाहिजे असतो. या दिवसांत मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काकू, गव्हाला काय लावता, म्हणजे टोके होत नाहीत?" मग एरंडेल, कडुनिंबाचा पाला, बिब्बे, राख अशी यादी सुरू होते. पण "टोके कमी होतात तो गहू कोणता?" असं क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते हा दुसरा प्रश्न आधीचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांना त्याचं उत्तर ठाऊक होतं. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सगळ्या जगाने पहिल्याच प्रश्नामागे धाव घेतली आणि दुसरा मागे पडला. हे कसं झालं, ते आज लिहिते.

आधी किड्याची ओळख करून घेऊ. ज्याला आपण टोका किंवा सोंडा म्हणतो, त्याला पुढे छोटी सोंड असते. मादी त्या सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. बाहेरून दाणा अगदी धड दिसतो. अळी आतच वाढते, आतच कोष करते आणि उबदार हवेत साधारण महिन्याभराने पूर्ण किडा होऊन बाहेर पडते. म्हणून वैशाखात स्वच्छ दिसलेला गहू श्रावणात एकदम "किडला" असं वाटतं. खरं तर तो आतून केव्हाच किडलेला असतो. एक मादी आपल्या आयुष्यात दोनशे-तीनशे अंडी घालू शकते. याच्या जोडीला दाणे पोखरून पिठासारखा भुगा करणारा छोटा भुंगेरा असतो, दाण्यातून उडणारं पाखरू असतं, आणि भिंतीच्या फटीत दडणारा खपरा असतो. खपरा हे आपल्याकडचंच नाव. कौलाच्या, विटेच्या तुकड्यांत आणि फटीत राहणारा म्हणून खपरा. जगभरच्या बंदरांवरच्या कीड-याद्यांत हा किडा आज याच नावाने आहे.

धान्यातला किडा आपल्या परंपरेत तीन इंद्रियांच्या जीवांत मोजला जातो. म्हणून गहू किडणं ही आपल्यासाठी फक्त पैशाची नुकसानी नसते. किडलेलं धान्य दळलं तरी हिंसा, उन्हात टाकलं तरी हिंसा, औषध घातलं तर हिंसा आहेच. एकदा किडे झाल्यावर निर्दोष वाट जवळजवळ उरतच नाही. जे काही करायचं ते किडा होण्याच्या आधी. त्यामुळे मुळातच कमी किडणारा गहू कोणता, याचं महत्त्व आपल्या घरात इतरांपेक्षा जास्तच.

टरफलातला गहू

माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली तेव्हापासून हे किडे त्याच्या मागे आहेत. इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या एका कबरीत इ. स. पू. २३०० च्या सुमाराचे सोंड्याच्या जातीतल्या किड्याचे अवशेष सापडले आहेत. इंग्लंडमध्ये यॉर्क शहराच्या उत्खननात पहिल्या शतकातलं रोमन काळचं लाकडी कोठार निघालं. त्यात किड्यांचा इतका सुळसुळाट झाला होता, की ते कोठार मोडून, जागा मातीने बुजवून तिथेच नवं बांधावं लागलं होतं. तिथला हा थंड प्रदेशातला सोंडा उडू शकत नाही. तो देशोदेशी पोचला तो माणसाच्या गाडीतून आणि गलबतातून.

त्या काळच्या इजिप्तमधला मुख्य गहू आपल्याला परका नाही. तो एमर, म्हणजे आपल्या खपलीचा भाऊबंद. या गव्हाचं वैशिष्ट्य असं, की मळणी केली तरी दाणा मोकळा होत नाही. टरफल दाण्याला घट्ट धरून राहतं, वेगळं कांडावं लागतं. इजिप्तमध्ये हा गहू टरफलासकटच साठवत आणि लागेल तसा कांडत. आपल्या आजीने उखळापाशी हेच केलं. त्यामागचं कारण सरळ आहे. सोंड्याच्या मादीला अंडं घालायला दाण्याचा पृष्ठभाग हवा. टरफल शाबूत असेल तर तिची सोंड तिथवर सहज पोचत नाही. टरफल फुटलेलं असलं तर मात्र किडा आत शिरतो. आणि खपली कांडून ठेवली, की ती इतर गव्हासारखीच उघडी पडते. म्हणून कांडलेली खपली वर्षभराची भरून ठेवू नये.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जव आणि गव्हासारख्या धान्यांसोबत धान्य ठेवायचे लिंपलेले खड्डे सापडले, आणि कणग्या ठेवायचे गोल ओटेही. जमिनीची ओल लागू नये म्हणून कणगी ओट्यावर ठेवायची, ही शिकवण इतकी जुनी आहे.

आपल्या आगमांतही हा विषय आहे, हे अनेक जणींना माहीत नसतं. मी दिगंबर घरातली, पण श्वेतांबर आगमांतल्या भगवती सूत्राचा हा भाग मला फार आवडतो. कोठ्यात भरून, शेणाने लिंपून, झाकण पक्कं करून, मुद्रा लावून ठेवलेल्या धान्याची उगवण्याची शक्ती किती काळ टिकते, असा प्रश्न तिथे विचारला आहे. उत्तरात धान्यांचे तीन गट केले आहेत. साळ, गहू, जव यांची मर्यादा जास्तीत जास्त तीन वर्षं, मूग, उडीद, मसूर, तीळ वगैरेंची पाच, आणि जवस, मोहरी वगैरेंची सात. आकडे बाजूला ठेवले तरी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, प्रत्येक धान्याची टिकण्याची ताकद वेगळी असते, हे तेव्हा लोकांनी नीट पाहिलेलं होतं. दोन, धान्य लिंपून बंद करायचं तंत्र तेव्हा घरोघरी माहीत असणार, नाहीतर उदाहरणाला ते घेतलं नसतं. आपण "पल्योपम" म्हणतो, त्यातला पल्य हाही धान्य साठवायचा मोठा खड्डा किंवा कणगीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अधिकाऱ्याला सांगितलं आहे, की निम्मं धान्य प्रजेच्या संकटकाळासाठी राखा, निम्मं वापरा, आणि जुन्याच्या जागी नवं भरत राहा.

बंद करून ठेवण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रकार म्हणजे पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती. जोंधळ्याची पेवं तर गावोगाव होती. तोंड बंद केलं की आतलं धान्य आणि आतले जीव मिळून हवेतला प्राणवायू संपवतात, आणि किड्यांची वाढ थांबते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी दिवा सोडून बघायचे, तो विझला तर थांबायचे. "पेव फुटलं" असं आपण आजही बोलतो, पण पेव पाहिलेली माणसं आता थोडीच.

घरातले तीन गहू

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं. माझ्या लहानपणी घरात तीन प्रकारचा गहू असे. टरफलातली खपली कणगीत, कोरडवाहू रानातला बन्शी पोत्यात, आणि रोजच्या चपातीचा पेठेतून आणलेला मऊ गहू पत्र्याच्या डब्यात. बन्शीचा दाणा लांबट, काचेसारखा, दाताखाली कट्‍कन वाजणारा. रवा आणि शेवया त्याच्या. आजीचा वापरण्याचा क्रम ठरलेला होता. मऊ गहू आधी संपवायचा, पावसाळा लागेपर्यंत डबा रिकामा झाला पाहिजे. मग बन्शी. खपली शेवटी, दिवाळीच्या खिरीपर्यंत आणि त्यानंतरही. आई नवी सून म्हणून आली तेव्हा तिने विचारलं, "आत्याबाई, चांगला गहू आधी का नाही काढायचा?" आजी म्हणाली, "जो राहणार नाही त्याला आधी खावं, जो राहतो त्याला राहू द्यावं."

आजीकडे कसलंही पुस्तक नव्हतं. पण तिच्या त्या क्रमात गव्हाच्या जातींची प्रतिकारशक्ती नेमकी लावलेली होती. टरफलाचा पहिला नंबर, कठीण दाण्याचा दुसरा, मऊ दाण्याचा तिसरा. दिगंबर परंपरेतल्या पिठाच्या मर्यादेमागेही हीच समज आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. दाणा फुटून पीठ झालं, की त्याचं संरक्षण संपलं. मग ते लवकरच वापरायला हवं.

साहेबाच्या काळात

युरोपातही हा त्रास होता. फ्रान्सच्या अंगूम्वा प्रांतात धान्यातल्या पाखरांनी इतकं नुकसान केलं, की १७६० मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीने द्युआमेल द्यू मोंसो आणि तिये या दोन सदस्यांना चौकशीला पाठवलं. त्यांनी किड्याचा सगळा जीवनक्रम पाहिला आणि धान्य भट्टीत तापवायचा उपाय सुचवला. ते पाखरू आजही त्या प्रांताच्या नावाने ओळखलं जातं. इथे विचाराची दिशा बघा. गहू आहे तोच ठेवायचा आणि किडा मारायचा.

आपल्याकडे १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यावर गहू मोठ्या प्रमाणावर विलायतेला जाऊ लागला. पंजाबात कालव्यांखाली नव्या वसाहती झाल्या, रेल्वे आली, कराची आणि मुंबईच्या गोदीत पोत्यांच्या थप्प्या लागल्या. घरच्या कणगीत चार-सहा पोती असतात, गोदामात हजारो. किड्यांना असं घबाड याआधी मिळालं नव्हतं. १९१६ मध्ये पंजाबातल्या लायलपूरच्या बार्न्स आणि ग्रोव्ह यांनी साठवलेल्या गव्हावरच्या किड्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात श्वसनाच्या रसायनशास्त्रावर वेगळं प्रकरण होतं, म्हणजे पेवात जे घडतं तेच त्यांनी प्रयोगशाळेत मोजलं.

त्याच काळात बिहारमधल्या पुसा इथल्या संस्थेत अल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे पती-पत्नी भारतातल्या गव्हाच्या जाती गोळा करत होते. १९०९ मध्ये त्यांचं भारतातल्या गव्हावरचं पुस्तक निघालं. त्यांनी पुसा ४ आणि पुसा १२ सारख्या जाती दिल्या. निवड कशावर केली? उत्पन्न, तांबेऱ्यापुढे टिकणं, आणि विलायतेतल्या गिरणीत व पावात गहू कसा उतरतो यावर. कोठीत आठ महिने कसा राहतो, हा त्या परीक्षेतला मोठा विषय नव्हता.

पुसाच्याच संस्थेत हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे कीटकशास्त्रज्ञ होते. भारतातल्या किड्यांवर त्यांनी जाड ग्रंथ लिहिले. पहिल्या महायुद्धात जहाजं मिळेनात म्हणून ऑस्ट्रेलियात गव्हाचे डोंगर पडून राहिले आणि त्यात सोंडे झाले, तेव्हा त्यांना तिकडे पाठवण्यात आलं. पुढे ते लंडनला किडे मारणाऱ्या वायूंवर प्रयोग करत होते. १९२५ मध्ये त्याच प्रयोगातला वायू अंगात भिनून त्यांचा मृत्यू झाला. मोठा अभ्यासू माणूस. त्यांच्या हातून झालेल्या कामाचा मला आदर आहे. पण जो वायू किड्याला सोडत नाही तो माणसालाही सोडत नाही, हे इथे स्पष्ट दिसलं.

खपली मिनेसोटाला गेली

आता मला सर्वांत नवल वाटलेली गोष्ट. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये स्टॅकमन आणि लेव्हिन हे शास्त्रज्ञ गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायची पद्धत बसवत होते. १९२२ मध्ये त्यांनी त्यासाठी बारा गहू ठरवले. या बारांवर रोग कसा पडतो ते बघायचं आणि तांबेऱ्याचा प्रकार ठरवायचा. त्या बारांत एकाचं नाव होतं खपली. आपली खपली, याच नावाने. तांबेऱ्याला ती फार चिवट होती म्हणून. पुढे अनेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत "खपली" हा शब्द तांबेऱ्याच्या संदर्भात लिहिला-वाचला गेला.

म्हणजे खपलीत प्रतिकारशक्ती आहे, हे शास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलं. पण ती शेतातल्या रोगाविरुद्धची. कोठीतल्या किड्याविरुद्धची तिची ढाल, म्हणजे टरफल, ही अडचण मानली गेली. कांडायचा खर्च, वजनात येणारी तूट, गिरणीला नको असलेला भाग. शेतकऱ्याचं नुकसान शेतात मोजलं गेलं. घरातल्या बाईचं कोठीतलं नुकसान कोणाच्या वहीत नव्हतं.

मग हरितक्रांती आली. १९६५ मध्ये मेक्सिकोहून सोनोरा ६४ आणि लर्मा रोहो या बुटक्या गव्हांचं २५० टन बियाणं आलं, १९६६ मध्ये आणखी १८,००० टन. दुष्काळाची ती वर्षं माझ्या पिढीला आठवतात. रेशनवरचा लाल परदेशी गहू, त्याच्या चिवट चपात्या. नव्या गव्हाने आपल्याला त्यातून बाहेर काढलं, आणि त्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. लोकांना लाल दाणा नको होता, म्हणून दिल्लीच्या संस्थेने सोनोरा ६४ वर गॅमा किरण सोडून पिवळसर दाण्याचा शरबती सोनोरा १९६७ मध्ये तयार केला. कल्याणसोना आणि सोनालिका याही पिवळसर दाण्याच्या. दाण्याचा रंग बदलायला इतके कष्ट घेतले गेले, कारण चपाती खाणाऱ्याने नापसंती दाखवली. साठवणीबद्दल अशी मागणी झाली नाही, कारण साठवण आता घराची राहिलीच नव्हती. १९६५ मध्येच अन्न महामंडळ स्थापन झालं. गहू सरकारी गोदामात, ताडपत्रीखाली, लाखो पोत्यांत. तिथे किड्यांवर एकच मुख्य उपाय, धुरी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, हवेतल्या ओलीने त्यातून निघणारा फॉस्फीन वायू.

आणि मग व्हायचं तेच झालं. १९७२-७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने अनेक देशांतून धान्यकिडे गोळा करून पाहणी केली. तेव्हाच फॉस्फीन सोसणारे किडे आढळले. पुढच्या काळात ते वाढतच गेले, आपल्या देशातही. प्रतिकारशक्ती आपण गव्हात वाढवायला हवी होती. ती वाढली किड्यांत.

व्याजाचा हिशोब

मी कॉमर्सची पदवीधर. त्यामुळे या विषयात मला सर्वांत जवळची वाटली ती फिलिप डोबी यांची पद्धत. इंग्लंडमध्ये १९७४ मध्ये त्यांनी मक्याच्या जाती सोंड्यापुढे किती टिकतात, हे मोजायचा एक निर्देशांक मांडला. पुढे तो गव्हालाही लावला गेला. ठरावीक दाण्यांत ठरावीक किडे ठरावीक दिवस सोडायचे. मग दोन गोष्टी मोजायच्या. पहिल्या पिढीत किती किडे निघाले, आणि अंड्यापासून किडा व्हायला किती दिवस लागले. या दोन्हींतून वाढीचा दर काढायचा. सूत्र पाहिलं आणि मी हसलेच. ते चक्रवाढ व्याजाचंच सूत्र आहे!

कल्पनेने एक उदाहरण घेऊ. समजा मऊ गव्हात एका किड्याचे दर तीस दिवसांनी दहा होतात. कठीण गव्हात चाळीस दिवस लागतात आणि पाचच होतात. एका पिढीत फरक दहा आणि पाच एवढाच, कोणाला जाणवणारही नाही. पण चातुर्मासाचे १२० दिवस धरा. मऊ गव्हात चार पिढ्या, म्हणजे एकाचे दहा हजार. कठीण गव्हात तीन पिढ्या, म्हणजे एकाचे सव्वाशे. ऐंशीपट फरक! म्हणून थोडासा टिकाऊ गहूसुद्धा घरात फार मोठा फरक पाडतो. गहू शंभर टक्के अभेद्य असण्याची गरज नाही. व्याजाचा दर कमी असला तरी पुष्कळ.

तो दर कशाने कमी होतो? टरफलाचं सांगितलंच. कठीण दाण्यात भोक पाडायला मादीला वेळ लागतो आणि अळीची वाढ मंदावते. दाण्यातली काही प्रथिनं किड्याच्या पचनात अडथळा आणतात आणि जातीप्रमाणे त्यांचं प्रमाण बदलतं. चौथी गोष्ट जातीची नाही, पण सगळ्यांत मोठी आहे. ओल. दाण्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली असेल तर सोंड्याला वाढणं जड जातं. पावसाळी हवेत उघडा गहू ओल ओढतो आणि चौदा टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकतो. तेव्हा कठीण दाणाही नरम पडतो. म्हणजे जातीची ढाल टिकवायची तर दाणा कोरडा हवा.

मर्यादाही सांगायला हव्यात. छोटा भुंगेरा कठीण दाणाही पोखरतो आणि खपरा अगदी सुक्या धान्यातही जगतो. एका किड्याला नको असलेला गहू दुसऱ्याला चालतो. कोणी "या गव्हाला कधीच कीड लागत नाही" म्हणून जादा भाव मागितला, तर विश्वास ठेवू नका.

गोळ्यांबद्दल

हे सगळं लिहायला बसले त्याचं एक कारण आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात दुकानदाराने कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या गोळ्या गव्हाच्या पिंपात टाकल्या होत्या. पुडीवर नाव नाही, सूचना नाही. पिंप झोपायच्या खोलीत, खिडक्या पावसामुळे बंद. रात्री सगळ्यांना उलट्या सुरू झाल्या. मुलं वाचली, आजोबा वाचले नाहीत. गोळ्या तीच गोदामातली, ॲल्युमिनियम फॉस्फाइडची. या वायूवर उतारा नाही. कायद्याने ती गोळी फक्त सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीड-नियंत्रकांसाठी आहे, घरासाठी नाहीच. तरी ती सुटी मिळते, आणि आपल्यासारखीच एखादी गृहिणी वर्षाचं धान्य वाचवायला ती घेते. कृपा करून घेऊ नका. घरात असेल तर हात लावू नका, खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि जाणकाराला बोलवा.

माझ्या घरात आता वर्षाचा गहू एका प्रकारचा भरत नाही. टरफलातली खपली ओळखीच्या शेतकऱ्याकडून, थोडी. तिचा भाव जास्त आणि कांडून घ्यायचा खर्च वेगळा, पण ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहते. पुण्याच्या आघारकर संस्थेने एमएसीएस २९७१ ही बुटकी खपली दिली आहे, तीही आमच्या बाजूला होते. बन्शी मिळाला तर दहा-वीस किलो. आणि चपातीचा मऊ गहू फक्त तीन महिन्यांपुरता, मग पुन्हा ताजा. गहू घरात आल्याबरोबर, किडा होण्याच्या आधी, दोन-तीन कडक उन्हं देते. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या पिंपात भरते, कारण गरम गहू भरला की झाकणाला आतून पाणी सुटतं. जुना गहू नव्यात कधी मिसळत नाही, पिंप रिकामं करून, कोपरे पुसून, मगच नवा. तरी चुकून टोके दिसलेच तर गहू उन्हात न टाकता सावलीत चादरीवर पातळ पसरते. ते आपणहून बाजूला चालू लागतात. त्यांना हलक्या हाताने सुपात घेऊन कोरड्या आडोशाला सोडते. वेळ लागतो. पण त्यालाच आपण यत्नाचार म्हणतो ना?

पैशाच्या हिशोबानेही यात तोटा नाही. किडक्या गव्हाची तूट, औषधाचा खर्च, फेकलेलं पीठ आणि दवाखाना हे सगळं एका बाजूला मांडा, खपलीचा जादा भाव दुसऱ्या बाजूला. माझ्या वहीत तरी दुसरी बाजू हलकी निघते.

शास्त्रज्ञांनी तांबेऱ्यासाठी खपलीला मिनेसोटापर्यंत नेलं. कोठीतल्या गुणांसाठी तिला पुन्हा आपल्या घरात आणायचं काम मात्र आपलं, गहू विकत घेणाऱ्या बायकांचं आहे. रंगासाठी आपल्या पिढीच्या आयांनी नाक मुरडलं आणि गहू बदलला. टिकण्यासाठी आपण आग्रह धरला तर तोही बदलेल.

जय जिनेंद्र.